जिथून हाड घेतले

माझ्या उजव्या पायाचे हाड जुळले. ते डॉक्टरांनी चांगले जुळवले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे लिखाण पायाविषयी नाही. पाय जुळवण्यासाठी कमरेतून जे हाड काढले, त्या जागेविषयी आहे.

मी दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. समन्स घेऊन मालवण तालुक्यातल्या बहुतेक वाड्यांत पायी गेलो. बेलिफाला कोणी बसा म्हणत नाही आणि त्याने अधिक बोलावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यावे, पाहिले तेवढेच सांगावे, ही सवय नोकरीने लावली. निवृत्तीनंतरही ती राहिली. घरात पत्नी आणि मी. मुलगी वेंगुर्ल्याला दिली.

अपघातात सांगण्यासारखे काही नाही. कट्टा गावच्या बाजारातून परतताना उतारावर जांभ्याची खडी पसरली होती. स्कूटर घसरली आणि नडगी मोडली. धातूची पट्टी घालून स्क्रू बसवले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडीही सरत आली. हाड जुळेना. एक्स-रेमध्ये दोन टोकांमधली काळी फट जशी होती तशीच दिसे.

"काका, आता तिथे हाड भरावं लागेल," डॉक्टर म्हणाले. ते माझ्या मुलीच्या वयाचे होते.

"कोणाचे?"

"तुमचंच. कमरेचं." त्यांनी स्वतःच्या पॅंटच्या पट्ट्यावर अंगठा दाबून दाखवला. "इथे हाडाची जाड कड असते. तिच्यात पुष्कळ साठा असतो. थोडं काढलं तर शरीराला कळतही नाही."

मी होकार दिला. एवढ्या लवकर का दिला, ते सांगितले पाहिजे.

आमच्या गावच्या देवळातून दसऱ्याला तरंग निघतात. तरंग म्हणजे देवतेचा खांब. माणसाहून पुष्कळ उंच, लुगड्यांच्या थरांनी वेढलेला, शेंड्याला चांदीचा मुखवटा. तो खांद्यावर घेत नाहीत. कमरेला कापड आवळून बांधतात, खांबाचा बुंधा त्या कापडात कमरेशी टेकवतात आणि दोन्ही हातांनी तोल धरून चालतात. खांब झुकता कामा नये. जमिनीवर पडला तर ते वर्ष गावाला जड जाते, असे मानतात. त्यांतला एक खांब उचलण्याचा मान आमच्या घराकडे आहे. आधी वडील उचलत, त्यांच्यानंतर मी.

या मानाला एक नियम आहे. लागोपाठ दोन दसरे घराने खांब उचलला नाही, तर मान भावकीतल्या पुढच्या घराकडे जातो आणि परत येत नाही. मोडलेल्या पायामुळे माझा एक दसरा चुकला होता. त्या वर्षी माझ्या चुलतभावाने खांब उचलला, तात्पुरता.

चुलतभाऊ आमच्या वईपलीकडे, म्हणजे कुंपणापलीकडे, राहतो. एसटीत कंडक्टर होता. त्याचे मुलगे तोंडवलीला पर्यटकांसाठी खोल्या चालवतात. हद्दीवरच्या एका फणसाच्या झाडावरून आमचे जाणे-येणे बंद झाले. त्याला आता इतकी वर्षे झाली की ते झाडही राहिलेले नाही.

मला मुलगा नाही. माझ्यानंतर मान त्याच्याकडेच जाणार, हे उघड होते. प्रश्न फक्त माझ्या हयातीचा होता. मी जिवंत असताना आमच्या घराचा खांब कायमचा दुसऱ्याच्या कमरेला बांधलेला मला पाहायचा नव्हता. पुढच्या दसऱ्याला मला उभे राहायचे होते. त्यासाठी कमरेतून काय काढतील ते काढू द्यावे, असे मी ठरवले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातला माणूस अंग साफ करायला आला आणि त्याने माझा करगोटा कात्रीने कापला. करगोटा म्हणजे कमरेचा काळा दोरा. आमच्याकडे तो बारशाला बांधतात. जुना झाला की आधी नवा बांधतात आणि मग जुना तोडतात. कमर मोकळी अशी राहत नाही. त्या माणसाने दोरा कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी काही बोललो नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पाय दुखत नव्हता. कमर दुखत होती. उजव्या बाजूला, पुढच्या उंचवट्यापासून मागे, बोटभर लांबीची शिवण होती आणि आत कोणी पाचर ठोकून ठेवल्यासारखे वाटत होते. खोकणे, कुशीवर होणे, शिंकणे या तिन्ही गोष्टी मी टाळू लागलो. चालवायला येणारी फिजिओथेरपीची मुलगी हसली. "सगळेच असं म्हणतात काका. ज्यासाठी आले ते दुखत नाही, दुसरंच दुखतं."

"मग आधी का सांगत नाही?"

"सांगितलं तर कोण येईल?"

घरी आल्यावर पत्नीने मला न्हाणीघरात स्टुलावर बसवले. सदरा वर केला आणि तिचा हात थांबला.

"अवो, करगोटो खंय?"

"कापला."

"कोणी?"

"रुग्णालयात."

"आनि तुमी गप रवलात? कंबर उघडी घेवन इलात घरात? मड्याचो काढतत तो!" तिने तांब्या खाली ठेवला. "असे जेवूक बसू नकात. मी वाडूचंय नाय."

तिने देव्हाऱ्याच्या फळीवरून काळ्या दोऱ्याची गुंडी आणली, दोरा दुपदरी केला आणि जेवणाआधी माझ्या कमरेला बांधला. सैलसर बांधला, जखमेची काळजी घेऊन. पण करगोट्याला कमरेवर एकच जागा असते. कोठेही बांधला तरी तो हाडाच्या कडेवर येऊन बसतो. ती कड उजव्या बाजूला आता पूर्वीची नव्हती. दोरा सरकून शिवणीवर येई. पत्नी पट्टी बदलताना तो वर सारी, पट्टी चिकटवी आणि पुन्हा खाली सोडी, तरी तो पट्टीच्या कडेखाली शिरे. चैत्राचा उकाडा होता. दोरा घामाने भिजे आणि अंगावरच वाळे.

टाके काढले तेव्हा जखम कोरडी होती. नंतर तिच्या एका टोकातून पाणी येऊ लागले. मग ते घट्ट झाले आणि त्याला वास सुटला.

याच सुमारास दुसरी गोष्ट लक्षात आली. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत स्पर्श कळत नव्हता. एकदा पडवीत बसलो असताना आंब्यावरचा लाल मुंगळा मांडीवर चालताना दिसला. चाललेला कळला नाही. त्या जागेची कड ओलांडली तेव्हा मात्र विस्तवाचा कण पडल्यासारखे झाले. मधली जागा मेलेली आणि तिच्या भोवताली खाजकुइली लागल्यासारखी आग, असे ते होते. धोतराचा काठ लागला तरी ती आग उठे.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे प्रकाशासमोर धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! फट भरत आलीय."

मी कमर दाखवली. त्यांनी पंच्यावरूनच दाबून पाहिले. मांडीबद्दल म्हणाले, "तिथून एक बारीक नस जाते. ताणली गेली असेल. बहुतेक येईल परत." पाण्याबद्दल त्यांनी विचारले, "कमरेला काही घट्ट लावता का? पट्टा, नाडी?"

"नाही."

ते खरे होते. मी पट्टा कधी वापरला नाही, आणि त्यांच्याच सांगण्यावरून पंचा सैल गुंडाळत होतो. करगोटा लावतात असे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. तो असतो. त्यांनी औषधे लिहून दिली आणि पुन्हा पायाच्या चित्राकडे वळले.

पुढच्या खेपेस मला ताप होता. या वेळी त्यांनी मला आडवे केले, पट्टी पूर्ण सोडली आणि जखमेशी वाकून पाहताना त्यांचे बोट दोऱ्याखाली गेले.

"हे काय आहे?"

"करगोटा."

"मी विचारलं होतं ना, काही बांधता का?"

"तुम्ही पट्टा आणि नाडी विचारलीत."

त्यांनी नर्सला कात्री आणायला सांगितले. पत्नी दाराशी पिशवी घेऊन उभी होती. तिने दोरा कापताना पाहिला. जखमेच्या तोंडाशी त्या सुताचे तंतू चिकटले होते, तेही चिमट्याने काढताना तिने पाहिले. डॉक्टर नर्सला म्हणाले, "ही नुसती वरची जखम नाही, आत हाडापर्यंत गेलंय." ते हळू बोलले, पण खोली लहान होती.

जखम पुन्हा उघडली, धुतली आणि काही काळ उघडीच ठेवली. रोज तिच्यात कापडाची वात भरायची आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायची. ती ओढताना काय होते, ते लिहून कळणार नाही.

परतताना कट्ट्याच्या तिठ्यावर रिक्षा थांबली तेव्हा पत्नीने विचारले, "आता बांधूक नको?"

"नको."

"कधीच?"

"डॉक्टर सांगेपर्यंत."

घरी तिने पान मांडले आणि वाढले नाही. भाताचे भांडे हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. मग भांडे खाली ठेवून आत गेली, दोरा घेऊन आली आणि माझ्या उजव्या दंडाला बांधला. "हयसर तरी चलता मा?" तिने विचारले. असे कोणी बांधत नाही. मी म्हटले, "चालेल." मग तिने वाढले.

त्या दोऱ्याविषयी आम्ही नंतर बोललो नाही. मी तिला दोष दिला नाही आणि तिचा दोष नाही असेही सांगितले नाही. रोज ती वात बदलत असे आणि बदलून झाल्यावर परसात जाऊन हात पुष्कळ वेळ धूत राही.

पावसाळ्याच्या मध्यावर जखम भरली. तिच्या जागी खळगा राहिला. बोट फिरवले तर डावीकडे हाडाची कड सलग लागे आणि उजवीकडे मध्येच तुटून पुन्हा सुरू होई. पाय मात्र पक्का झाला होता. कुबड्या सुटल्या. मी काठीने देवळापर्यंत जाऊ लागलो. पहिल्या काही पावलांना उजवी बाजू खेचे, मग सवयीने चाले.

गणपती झाल्यावर मानकरी देवळात बसले. दसरा कोणी कसा करायचा, हे त्या बैठकीत ठरते. माझ्या कमरेची हकिकत तोवर सगळ्या वाड्यांत पोचली होती. बैठकीतल्या सर्वांत वयस्क मानकऱ्याने विषय काढला.

"तेच्या आंगातला हाड काढल्यानी हा. म्हंजे व्यंग झाला. व्यंग असलेल्या मानसान देव उचलूचो नाय, ह्या काय आज ठरलेला हा?"

गावकर म्हणजे बैठकीचा प्रमुख. तो म्हणाला, "हाड काढला ता खरा. पण गेला खंय? तेच्याच पायात घातल्यानी."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? घरातलो चिरो घरातच रवलो. मागल्या पडवेचो काढलो, फुडल्या पडवेक लायलो. घर ताच आसा."

"आनि मागली पडवी पडली मगे?"

"पडली तर तिका समन्स काढतलो. बेलिफ आसा तो!"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझा चुलतभाऊ देवळाच्या खांबाला टेकून बसला होता, तोही हसला नाही. तो म्हणाला, "वाद कशाक घालतास? देवाक इचारा. कौल लावा."

कौल लावणे म्हणजे देवाचा निर्णय मागणे. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सगळे उठून उभे राहिले. गुरवाने गाऱ्हाणे घातले.

"बा देवा महाराजा! आज ह्यो तुजो सेवेकरी तुज्या पायाकडे उभो आसा. तेच्या कंबरेतला हाड तेच्या पायात गेला हा. देह एकच आसा, मानूसय एकच आसा. तेना तुजो खांब उचलूचो काय नाय, ता तूच सांग. उचलूचो आसात तर उजवी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

एरवी कौलाला वेळ लागतो. माणसे बसतात, विडी ओढून येतात, पुन्हा गाऱ्हाणे होते. त्या दिवशी 'महाराजा' हा शब्द विरतो न विरतो तोच उजवी कळी पडली. गावकराने माझ्याकडे पाहून हात जोडले. मीही जोडले. मान माझ्याकडे राहिला होता.

बाहेर चपला घालताना चुलतभाऊ शेजारी आला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी थेट बोलला नव्हता.

"देवान तुका होय म्हटल्यान. आता तुजी कंबर काय म्हनता ता बग."

तो बोलला ते बरोबर होते. देवाने परवानगी दिली होती. खांब सांभाळेन याची हमी त्याने माझ्या वतीने दिली नव्हती. मिरवणुकीत कमर फसली तर खांब माझ्याबरोबर खाली येणार, आणि माझ्या घराने उचललेला देव मातीत पडला हे गाव माझ्यानंतरही सांगणार. तसे होणार असेल तर आधी कळले पाहिजे. मी पाहून घेण्याचे ठरवले.

छपरातून काढून ठेवलेला एक जाड वासा परसात पडला होता. त्याच्या शेंड्याला मी गोणपाट गुंडाळून पाणी ओतले, म्हणजे वजन खांबासारखे वर राहील. पत्नी घरातच होती आणि मागच्या दारातून पाहत होती. "ह्या करू नकात," ती एकदाच म्हणाली.

कमरेला जुने लुगडे आवळले. वाशाचा बुंधा आत घेतला. आमच्या घराण्यात बुंधा उजवीकडे टेकवतात. मला तो डावीकडे टेकवता आला असता. डाव्या बाजूला काही झाले नव्हते. पण वडील उजवीकडे टेकवत, त्यांचे हात त्याच अंगाला तोल धरत आणि मीही दुसरे काही शिकलो नाही. मी उजवीकडे टेकवला.

उभा राहिलो. दुखले, पण राहिलो. खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललो. असे काही दिवस गेले आणि मला वाटू लागले की जमेल.

मग वळून पाहिले. देवळाच्या चौकात खांब घेऊन गिरकी घ्यावी लागते. उजव्या पायावर भार देऊन अंग डावीकडे फिरवायचे आणि वर शेंडा स्थिर ठेवायचा. मी फिरलो. कमरेच्या पुढच्या उंचवट्याशी कडकन आवाज झाला. तो मला कानांनी ऐकू आला की आतून, ते सांगता येत नाही. वाळलेली फांदी पायाखाली यावी तसा आवाज होता.

वासा पडू दिला नाही. तो सरळ खाली घेतला, वईला टेकवला आणि मग तिथेच उभा राहिलो, कारण पुढे पाऊल टाकता येत नव्हते. उजवी मांडी उचलण्याचा हुकूम मी देत होतो आणि ती उचलली जात नव्हती.

पत्नी धावत आली. "काय झाला?"

"मोडले."

"पाय?"

"नाही."

वईपलीकडून चुलतभाऊ पाहत होता. तो वई ओलांडून आला, माझ्या काखेत खांदा दिला आणि दोघांनी मिळून मला पडवीत आणले. माझ्या घराच्या पायऱ्या तो इतक्या वर्षांनी चढत होता. मला बाकड्यावर बसवून तो लगेच परतला.

एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडाचा पुढचा कोपरा सुटून खाली ओढला गेलेला दिसला. डॉक्टरांनी या वेळी पायाचे चित्र काढायला सांगितलेच नाही.

"जिथून हाड काढतो तिथे ते पातळ राहतं. त्यात आत पू झाला होता, म्हणजे आणखी कमजोर. मांडीचे स्नायू त्याच कोपऱ्याला ओढतात. क्वचित होतं असं." ते थांबले. "जड काही उचललंत का?"

"होय. खांबाच्या वजनाचा वासा कमरेला लावून चालत होतो. काही दिवस. दसऱ्याला तरंग उचलायचा होता. आज गिरकी घेतली तेव्हा मोडले."

इतके मी त्यांच्यासमोर कधी बोललो नव्हतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्ही शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलं असतं, तर मी दुसऱ्या बाजूचं हाड घेतलं असतं काका. मला काय, दोन्ही बाजू सारख्याच."

पुन्हा कापायला नको, पडून राहा, असे त्यांनी सांगितले. कितपत जुळेल विचारल्यावर ते म्हणाले, "बहुतेक जुळेल. वजन मात्र पुन्हा कधीही नाही."

मी पडून राहिलो. पडवीत खाट घातली. डाव्या कुशीवर झोपता येई, उजव्या नाही. नवरात्र बसले. देवळातला घंटानाद वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी ऐकू येई, कधी नाही. मी गावकराला निरोप पाठवला की दुसरा दसराही चुकतो आहे, नियमाप्रमाणे करावे.

दसऱ्याच्या सकाळी चुलतभाऊ आला. अंघोळ करून, कोरे धोतर नेसून, उघड्या अंगाने. हातात कमरेचे कापड होते. मान सोडणाऱ्याने नव्या मानकऱ्याच्या कमरेला ते आपल्या हाताने बांधायचे असते. जुना मानकरी मेलेला असेल तरच ते गुरव बांधतो. म्हणून तो आला होता.

"उठान बसाक येता?" त्याने विचारले.

"नाही."

"मगे मी वाकतंय."

"वाकून बांधलेले उभे राहिल्यावर सुटते. खाटेला लागून उभा राहा."

तो खाटेला लागून उभा राहिला. त्याची कमर माझ्या डोळ्यांसमोर आली. मी पडल्या-पडल्या कापडाचा पहिला वेढा घेतला. वेढा नीट बसण्यासाठी हाडाची कड शोधावी लागते. माझी बोटे त्याच्या उजव्या कडेवरून पुढच्या उंचवट्यापासून मागे गेली. ती सलग होती. कोठेही तुटलेली नव्हती. माझ्याहून तो दोन पावसाळे लहान आहे.

"श्वास सोड," मी म्हटले.

त्याने सोडला. मी आवळले.

"घट झाला रे."

"घट्टच पाहिजे. संध्याकाळपर्यंत सैल होते."

"बुंधो खंयच्या बाजूक टेकवू?"

मी गाठ मारली आणि टोक आत खोचले. "तुला जमेल त्या बाजूला," मी म्हटले.

पत्नीने त्याच्या हातावर साखर ठेवली आणि तो गेला.

दुपारी तरंग देवळातून निघाले. प्रत्येक खांब आधी आपल्या मानकऱ्याच्या दारात जातो, तिथे घरची सवाशीण त्याला ओवाळते आणि मग सगळे खांब सोने लुटायला एकत्र जातात. पत्नीने सकाळपासूनच तबक तयार केले होते. निरांजन, अक्षता, ओटीचा नारळ. अंगण सारवले होते. ढोल जवळ आले तशी ती तबक घेऊन पुढच्या पायरीवर उभी राहिली.

"खांब इथे येणार नाही," मी म्हटले.

ती वळली नाही. "म्हायत आसा माका."

ढोल आमच्या पाणंदीच्या तोंडाशी आले आणि आत न वळता पुढे गेले. वईला वळसा घालून ते चुलतभावाच्या दाराकडे निघाले. ती पायरीवर उभी होती. निरांजनाची ज्योत तिने हाताने आडोसा करून धरली होती. मग ती घरातून मागे गेली. मागच्या दाराची कडी वाजली. परसातून, वईतल्या फटीतून ती तबक घेऊन पलीकडे गेली. मी तिला हाक मारली नाही.

मी छपराच्या कौलांकडे पाहत होतो. ढोल तिकडे थांबले. ओवाळायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबले आणि पुढे गेले.